सीटी स्कॅनची सीडी रुग्णाच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थ्री-डी मॉडेल समोर ठेवून जबड्याची अवघड शस्त्रक्रिया पार पाडल्याची बातमी नुकतीच आपल्या अंकात वाचली. सोबत प्रिंटरचा मोठा फोटो होता. वाचून बरे वाटले आणि थोडा रागही आला. राग डॉक्टरांचा नाही, तुमच्या वार्ताहराचाही नाही. मॉडेल प्रिंटरमधून निघाले एवढे बातमीत कळते. प्रिंटरमध्ये ते आले कुठून, हे कोणी विचारलेलेच दिसत नाही. ते येते सीटी स्कॅनच्या पातळ स्लाइसमधून, म्हणजे मशिनीने घेतलेल्या शरीराच्या आडव्या कापांमधून. आणि आमच्या भागात या पातळ स्लाइस रोज पुसल्या जातात.

मी पांढरकवड्याकडच्या भागात एका खासगी केंद्रावर सीटी टेक्निशियन आहे. घरी कापूस-तुरीची शेती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला काय आजार आणि त्यावर काय उपचार, यात मी पडत नाही. मशीन मात्र माझ्या रोजच्या हाताखालचे आहे, म्हणून लिहिते आहे.

स्कॅन झाल्यावर आमच्याकडच्या माणसाला काय मिळते? चौदा बाय सतरा इंचांच्या दोन-चार फिल्म, टाइप केलेला रिपोर्ट आणि केंद्राचे नाव छापलेली लांबरुंद पिशवी. फिल्मला घडी पडू नये म्हणून माणसे ती पिशवी एसटीत मांडीवर आडवी धरून बसतात. करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम करत दीडशेएक किलोमीटरवर नागपूर येते. तिथला डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो, रिपोर्ट वाचतो आणि विचारतो, "सीडी कुठे आहे?" सीडी नसते. कोणी दिलेली नसते, कोणी मागितलेली नसते. मग नवीन स्कॅन, नवीन पैसे, पुन्हा एक मुक्काम. मोठ्या रुग्णालयाच्या आवारात मुक्काम म्हणजे काय असते, ते विदर्भातल्या वाचकांना मी सांगायला नको.

फिल्म का चालत नाही, हे जरा उलगडून सांगते. मशीन शरीराचे आडवे काप घेते. आमच्या मशिनीवर हा काप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत पातळ काढता येतो. पण इतके शेकडो काप फिल्मवर छापणे परवडत नाही आणि नुसत्या डोळ्यांनी वाचणेही कठीण. म्हणून छापताना ते जोडून पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप केले जातात. त्या पाच मिलिमीटरच्या जाडीत जे जे असेल त्याची सरासरी निघते. तूर, हरभरा आणि मसूर एकत्र दळले की त्या पिठातून तूर परत वेगळी काढता येत नाही, तसे ते आहे. खालच्या जबड्यातून दातांची नस ज्या बोगद्यातून जाते तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. डोळ्याच्या खोबणीचा तळ तर कित्येक ठिकाणी एक मिलिमीटरही जाड नसतो. जाड कापांतून मॉडेल बनवायला गेले तर नसेचा बोगदा हरवतो, खोबणीच्या तळाला भोक पडते आणि गालाच्या गोल हाडाला पायऱ्या येतात. पायऱ्या असलेल्या मॉडेलवर सर्जनने हाड जोडायची धातूची प्लेट वाकवली, तर ती माणसाच्या हाडावर कशी बसणार?

दुसरी गोष्ट करड्या छटांची. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याचा ०, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १०० च्या आसपास, यकृताचा ५०-६०, कठीण हाडाचा १००० च्या वर. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात. ते इंग्लंडच्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या मशिनीवर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. ते चित्र फक्त ८० बाय ८० ठिपक्यांचे होते. १९७९ साली त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळून नोबेल मिळाले. आज आमच्या तालुक्यातल्या मशिनीची एक स्लाइस ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची असते आणि प्रत्येक ठिपका चार हजारांवर पायऱ्यांतला कोणताही आकडा धरू शकतो. फिल्मवर छापताना यातली एकच पट्टी निवडावी लागते: हाड नीट दिसेल अशी, नाहीतर मऊ भाग नीट दिसेल अशी. बाकीचे आकडे पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे होऊन जातात. फिल्म कितीही जपली तरी ते परत येत नाहीत. मॉडेल बनते ते या आकड्यांवरूनच.

आता आतली गोष्ट सांगते, जी केंद्राबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. स्कॅन झाल्यावर मशिनीच्या कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या संगणकावर, मूळ कच्चा डेटा राहतो. तो आहे तोवर त्यातून हव्या त्या जाडीचे काप पुन्हा काढता येतात, हाडासाठी वेगळे, मऊ भागासाठी वेगळे. पण कन्सोलची जागा ठरलेली असते. नवे रुग्ण येत राहिले की जुना कच्चा डेटा आपोआप पुसला जातो. मशीन रोज भरपूर चालत असेल तर थोड्याच दिवसांत. कायमच्या साठ्यात पाठवायचे काय, तर बहुतेक ठिकाणी जाड काप, कारण ते कमी जागा खातात. म्हणजे रुग्णाचा मुलगा पंधरवड्याने सीडी मागायला आला तर केंद्र खोटे बोलत नसते. पातळ काप खरोखरच शिल्लक नसतात.

माझ्या भासऱ्यांच्या (थोरल्या दिरांच्या) बाबतीत हेच घडले. त्यांना विचारूनच लिहिते आहे. खर्रा त्यांना तरुणपणापासून. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घासायचा आणि वावरात जाताना गालात दाबायचा. (राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तेव्हा खर्राही जाईल असे आम्हाला वाटले होते. पानठेल्यावरची गर्दी आजही बघून घ्या.) तोंड आकसत गेले, दोन बोटेही आत जाईनात. आत जखम झाली ती त्यांनी घरात लपवली, माझ्यापासून तर जास्तच. परस्पर दुसऱ्याच गावच्या केंद्रावर जाऊन स्कॅन काढला. मला कळले तेव्हा फिल्मची पिशवी देवघराच्या भिंतीला टांगलेली होती. नागपूरला सर्जन म्हणाले, डाव्या बाजूचा जबडा काढावा लागेल आणि पायातले फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून तिथे बसवावे लागेल. त्यासाठी आधी मॉडेल करू, पातळ स्लाइसची सीडी आणा. पुतण्या मोटरसायकलने त्या केंद्रावर गेला. पातळ काप उरले नव्हते. पुन्हा स्कॅन झाला.

पुन्हा स्कॅन म्हणजे फक्त पैसे गेले असे नाही. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट इतके किरण अंगावर घ्यावे लागतात. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळतात ते जगाच्या सरासरीने २.४. चेहऱ्याच्या स्कॅनला पोटापेक्षा बरेच कमी लागतात, पण फुकटचे का घ्यायचे? स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचे इंजेक्शनही पुन्हा टोचावे लागते, त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे लागते. काही वेळा दुसरा स्कॅन टाळता येत नाही, हेही सांगायला हवे. गाठ वाढलेली असते, केमोनंतर आकार बदललेला असतो, किंवा आधीचा स्कॅन वेगळ्याच कारणासाठी काढलेला असतो. अशा स्कॅनबद्दल माझी तक्रार नाही. नुसती सीडी न दिल्यामुळे जो करावा लागतो, त्याबद्दल आहे.

भासऱ्यांच्या दुसऱ्या स्कॅनची सीडी मी मागून घेतली. रुग्णालयाचे मॉडेल रुग्णालय करणारच होते, त्यांच्या कामात मला लुडबुड करायची नव्हती. पण घरात माझी जाऊ आणि सासूबाई दोघी एकच प्रश्न विचारत होत्या, नेमके काय कापणार? तोंडी सांगून ते डोळ्यांसमोर उभे राहत नव्हते.

हे काम फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर होते. थ्री-डी स्लायसर हे अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी सुरू केलेले, इन्व्हेसालियस ब्राझीलचे. मी इन्व्हेसालियस वापरले, कारण ते आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालते. नवरा रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेला की मी लॅपटॉप उघडून बसायची. हाड वेगळे काढायला सुरुवात सोपी असते. सॉफ्टवेअरला सांगायचे, २२६ च्या वरचा आकडा असलेले सगळे ठिपके ठेव. लगेच पडद्यावर कवटी येते, आणि तिच्यासोबत डोके टेकवायच्या आधाराची कड येते, दातात भरलेल्या चांदीतून निघालेले पांढरे फराटेही येतात. ते पुसायचे. जबड्याचा सांधा कानापुढच्या खोबणीत इतका चिकटून बसतो की सॉफ्टवेअर दोन्ही हाडे एकच समजते. तिथे उपाय एकच, काप एकेक उघडायचा आणि सांध्यातली बारीक काळी फट हाताने कोरत जायची. डोळे दुखून येतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील तर तेही जुळून येतात. म्हणून स्कॅन काढतानाच दातांत गॉझची छोटी गुंडाळी चावायला द्यावी लागते. भासऱ्यांचे तोंड उघडतच नव्हते, गुंडाळी कुठून जाणार? पुढचे दात वेगळे करण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

हे झाले की सॉफ्टवेअर ठिपक्यांवर कातडी चढवते. त्याची मूळ पद्धत लॉरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी १९८७ मध्ये मांडली. शेजारशेजारच्या आठ ठिपक्यांचा एक घन घ्यायचा, त्यातले कोणते ठिपके हाडात आणि कोणते बाहेर ते पाहायचे, आणि हाडाची कड त्या घनातून जशी जात असेल तसे त्रिकोण बसवायचे. असे लाखो त्रिकोण जुळले की जबडा तयार. गुळगुळीत करायचे एक बटणही असते, पण ते जपून वापरावे. फार गुळगुळीत केले की मॉडेल देखणे होते आणि मापाला चुकते. प्रिंट काढल्यावर व्हर्नियर कॅलिपरने दोन खुणांमधले अंतर मोजून पडद्यावरच्या मापाशी ताडून बघायचे. ते जुळले तरच मॉडेल पुढे द्यायचे.

प्रिंटर पुतण्याच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडे होता. पीएलए नावाचे प्लास्टिक, किलोला हजार-बाराशे रुपये, जबड्याला त्यातले शंभर ग्रॅमही लागत नाही. रात्री लावले, सकाळी निघाले. जाऊबाईंनी ते हातात घेतले, बोट फिरवत डावीकडे आल्या आणि एका रिकाम्या जागेवर थांबल्या. "अवं बाई, हे तं यायचंच तोंड हाये. बैलानं मारलं तवा इथलाच दात पडला होता." मग त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. इथून इथवर काढणार का? पायाचं हाड एवढं वाकडं कसं करणार? मी जे मला ठाऊक होते ते सांगितले: हाडाचे दोन-तीन तुकडे करून कोनात जोडतात, वरून टायटॅनियमची प्लेट बसवतात. बाकीचे प्रश्न कागदावर लिहून घेऊन त्या नागपूरला सर्जनकडे घेऊन गेल्या. संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी काय होणार आहे हे त्यांना कळलेले होते. थ्री-डी मॉडेलचा हा उपयोग बातम्यांत कधी येत नाही. माझ्या मते तो सर्जनच्या उपयोगाइतकाच मोठा आहे.

सर्जनचा फायदा तर उघड आहे. जबडा उघडल्यावर प्लेट हाडाला लावून बघायची, थोडी वाकवायची, पुन्हा लावायची, यात वेळ जातो आणि रुग्ण तेवढा वेळ भुलीखाली राहतो. पुन्हा पुन्हा वाकवल्याने प्लेटही कमजोर होते. मॉडेल हाताशी असेल तर प्लेट आदल्या दिवशीच वाकवून, निर्जंतुक करून ठेवता येते. मॉडेल स्वतः मात्र ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात, घालू नये. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडते आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंशांचा. आमच्याकडे तर ऑटोक्लेव्हचीही गरज नाही, मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे मॉडेल ठेवले तरी ते वाकते. दोन मिलिमीटर वाकले तरी उपयोग संपला.

हाडाचे हे सगळे त्या मानाने सोपे. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचे मॉडेल करायचे तर आकड्यांचा आधार फार तोकडा पडतो. कॉन्ट्रास्टशिवाय यकृत ५०-६० वर आणि शेजारचा स्नायूही ५० च्या जवळपास, मग सॉफ्टवेअरने रेष कुठे ओढायची? म्हणून कॉन्ट्रास्ट देतात आणि वेळ साधून स्कॅन घेतात. इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास धमन्या उजळतात, सत्तर सेकंदांच्या सुमारास यकृताच्या शिरा. दोन्ही वेळांचे काप मिळाले तर गाठ कोणत्या वाहिनीला किती खेटून आहे हे मॉडेलमध्ये रंगवून दाखवता येते. अलीकडे यातला हातकामाचा भाग संगणकच करू लागला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी टोटलसेगमेंटेटर नावाचे साधन सर्वांसाठी खुले केले. २०२३ मध्ये त्यांनी त्यावरचा लेख प्रसिद्ध केला तेव्हा ते सीटीतून अवयव, हाडे, स्नायू आणि रक्तवाहिन्या असे १०४ भाग आपोआप वेगळे काढत होते. मी ते वापरून पाहिले. बरगड्या, मणके, फुप्फुस सुरेख निघतात. गाठ जिथे अवयवाचा आकारच बिघडवते तिथे मात्र माणसाची नजर लागतेच, आणि ती रेडिओलॉजिस्टची लागते, माझी पुरत नाही. कुणी टेक्निशियन किंवा प्रिंटरवाला परस्पर मॉडेल करून "यावरून ऑपरेशन करा" म्हणू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आमच्या भागात हे सगळे सुरू होते ते टेबलावर, स्कॅन काढतानाच. रुग्ण हलला तर मॉडेलमध्ये जबडा मधूनच सरकलेला दिसतो. थुंकी गिळली तरी घसा आणि जीभ हलते. आमच्या मशिनीतला रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत "साँस रोकिए" म्हणतो. कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) आलेल्या म्हातारीला त्याचा काय उपयोग? मी स्वतः मायक्रोफोनवर बोलते, आधी बाहेर बसवून दोनदा श्वास धरून घेते. नथ, डोरले, कानातले काढून ठेवावे लागते, कारण धातूचे फराटे चेहऱ्याच्या कापांत पसरतात. कित्येक आज्यांच्या कानांतले लग्नापासून निघालेलेच नसते. साबणाचे पाणी लावून हळूहळू फिरवत काढायचे, आणि ते निघाले की त्यांच्या मुठीत द्यायचे, पाकिटात ठेवते म्हटले तर त्यांना धीर निघत नाही. एवढे करून स्कॅन नीट आला, तर त्याचे पातळ काप फेकून का द्यायचे?

जागेचा प्रश्न सांगितला जातो, त्याचा हिशेब शाळकरी पोरही करील. ५१२ गुणिले ५१२ ठिपके, दर ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एक स्लाइस अर्ध्या एमबीची. जबड्याच्या तीनशे स्लाइस धरल्या तर दीडशे एमबी. एका सीडीत सातशे एमबी मावतात. एका फिल्मला जेवढे पैसे लागतात त्याच्या थोडक्या भागात सीडी येते. कुठल्या मशिनीची सीडी कुठे उघडेल, हाही प्रश्न उरलेला नाही. डायकॉम हे प्रतिमांचे समान प्रमाण १९९३ पासून आहे आणि आमच्या कंपनीचे मशीन असो की दुसऱ्या, ते त्याच भाषेत लिहिते.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथल्या कंपिनास शहरात रेनातो आर्चर नावाचे सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. सरकारी रुग्णालयांना महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत म्हणून त्यांनी २००१ पासून इन्व्हेसालियस बनवायला घेतले आणि ते सगळ्या जगाला फुकट दिले. त्याच सॉफ्टवेअरवर मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका स्वयंपाकघरात बसून भासऱ्यांचा जबडा कोरला. आपल्याकडे नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे, एम्स आहे; वर्ध्याजवळ सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून आहे. जवळच इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत प्रिंटर आहेत. माणसे आहेत, मशिनी आहेत, तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तर दुर्दैवाने भरपूर आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे खुब्याचे हाड झिजलेली तरुण पोरे गडचिरोली-चंद्रपूरकडून येतात, त्यांच्या सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतही असे मॉडेल कामी येते. मधल्या दीडशे किलोमीटरवर स्लाइस हरवतात, तेवढीच गळती बुजवायची आहे.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. पण आमच्या धंद्यात "नोंद" म्हणजे फिल्म आणि रिपोर्ट, असे सोयीने समजले जाते. स्लाइस ही नोंद आहे आणि ती मूळ नोंद आहे, एवढे आरोग्य विभागाने एका परिपत्रकात लिहावे. ज्या सरकारी रुग्णालयांतला सीटी खासगी कंपनीला चालवायला दिला आहे, तिथल्या करारात पातळ स्लाइस किती महिने साठवायच्या ते घालावे. खासगी केंद्रांनी फिल्मसोबत सीडी द्यावी, मागितली नाही तरी. आणि जबडा, चेहरा, कवटी, खुबा यांचा स्कॅन शस्त्रक्रियेच्या शक्यतेने पाठवताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर "पातळ काप" हे दोन शब्द लिहावेत. चिठ्ठीवर नुसते "सीटी फेस" असले की टेक्निशियन नेहमीच्या पद्धतीने काढून मोकळा होतो.

वाचकांनाही एक विनंती. स्कॅन काढायला गेलात तर त्याच दिवशी, केंद्रावरून निघण्याआधी सीडी मागा. "डायकॉममध्ये पातळ स्लाइस द्या" असे शब्द वापरा. नुसती सीडी म्हटले तर काही ठिकाणी फिल्मचेच फोटो भरून देतात. सीडीवर रुग्णाचे नाव, वय, तारीख सगळे असते, तेव्हा ती कोणत्याही प्रिंटरवाल्याच्या हवाली करू नका. मॉडेल करायचेच असेल तर नाव काढून टाकलेली प्रत द्यायला सांगा, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

आमच्या केंद्राचे मालक समजूतदार आहेत. चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या प्रत्येक स्कॅनची सीडी द्यायला त्यांनी मला मोकळीक दिली आहे. अडचण आता निराळीच आली. रिकाम्या सीडी तालुक्यात मिळेनाशा झाल्या, यवतमाळहून मागवाव्या लागतात. नव्या लॅपटॉपना सीडी घालायची फटच नसते, त्यामुळे रुग्णाच्या पोराला ती घरी उघडता येत नाही. त्यांनी आणलेला पेनड्राइव्ह व्हायरसच्या भीतीने आम्ही कन्सोलला लावत नाही. गावोगाव आभा कार्ड (सरकारी आरोग्य-ओळखपत्रे) काढून झाली आहेत. त्या क्रमांकाशी रिपोर्टचा कागद जोडण्याची सोय आहे, तशी स्लाइस ठेवण्याचीही जागा जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारने करावी, म्हणजे सीडीचीही गरज उरणार नाही. तोवर यवतमाळच्या दुकानदाराला मी शंभराचा डबा सांगून ठेवला आहे.

आपली,
एक सीटी टेक्निशियन,
ता. केळापूर, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)